वल्ह्याचे पाते : आकार, पाणी आणि माणूस

(जलक्रीडा केंद्रांशी संबंध येणारे अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नौकानयनाचा विषय निघाला की सर्वांचे लक्ष नौकेकडे जाते. तिचा रंग, तिची लांबी, तिची किंमत यांची चौकशी होते. वल्ह्याची मात्र कोणी फारशी चौकशी करीत नाही. खरेदीच्या कागदपत्रांत नौकेचे वर्णन पाच ओळींत येते आणि वल्ह्यांची नोंद 'वीस नग' एवढ्या दोन शब्दांत आटोपते. वस्तुतः नौका स्वतः होऊन तसूभरही पुढे सरकत नाही. माणसाच्या दंडातील, पाठीतील आणि पायांतील शक्ती पाण्यापर्यंत पोहोचते ती वल्ह्याच्या टोकाला असलेल्या पात्यातून. हे पाते कोणत्या आकाराचे आहे, त्यावर नौकेचा वेग, तिचा तोल आणि वल्हवणाऱ्याच्या खांद्याचे आरोग्य या तिन्ही गोष्टी अवलंबून असतात. म्हणूनच कयाक या नौकेच्या वल्ह्याचे पाते हा आजचा विषय आहे.

प्रथम कयाक म्हणजे काय, हे स्पष्ट करणे इष्ट होईल. कयाक ही लांबट, निमुळती आणि वरून बहुतांशी झाकलेली हलकी नौका होय. तीत माणूस पाय पुढे पसरून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे डावीउजवीकडे आळीपाळीने चालवतो. कनू या नौकेचे वल्हे याहून निराळे. त्याला एकाच टोकाला पाते असते. २०२३ साली हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत अर्जुन सिंग आणि सुनील सिंग सलाम यांनी १००० मीटरच्या शर्यतीत भारताला कांस्यपदक मिळवून दिले, ते एका पात्याच्या वल्ह्याने चालणाऱ्या दुहेरी कनूमध्ये. त्याच वर्षी त्याच शहरात झालेल्या दिव्यांगांच्या आशियाई स्पर्धेत प्राची यादव यांनी सुवर्णपदक जिंकले, ते दोन पात्यांच्या वल्ह्याने चालणाऱ्या कयाकमध्ये.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावयास हवा. मोठ्या होडीचे वल्हे होडीच्या काठाला टेकलेले किंवा अडकवलेले असते. त्या टेकूमुळे त्याचा भार पुष्कळसा होडीवर पडतो. कयाकच्या वल्ह्याला असा टेकू नसतो. ते सर्वस्वी दोन हातांवर तोललेले असते. पात्यावर पाण्याचा जो दाब येतो तो हात, खांदे, कंबर आणि पाय या मार्गाने नौकेपर्यंत जातो. याचाच अर्थ असा, की पात्याच्या आकारातील प्रत्येक गुणदोष वल्हवणाऱ्याच्या शरीराला जाणवतो. होडीचा काठ जे सोसतो, ते येथे माणसाचे सांधे सोसतात.

हिमप्रदेशातील परंपरा

कयाकचा जन्म उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशांत झाला. ग्रीनलंड, कॅनडाचा उत्तर भाग आणि अलास्का येथील इन्युइट व त्यांच्याशी निगडित असलेल्या लोकांनी, तसेच अल्यूशियन बेटांवरील रहिवाशांनी ती शिकारीसाठी घडविली. समुद्राबरोबर वाहत आलेल्या लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा आणि त्यावर ताणून बसविलेले सील माशाच्या कातड्याचे आच्छादन, अशी तिची रचना असे. (सील हा वस्तुतः मासा नसून सस्तन प्राणी आहे, परंतु बोलीत तो मासाच म्हटला जातो.)

या शिकाऱ्यांचे वल्हे पाहून आजचा नवखा माणूस चकित होतो. ग्रीनलंडच्या परंपरागत वल्ह्याचे पाते फार अरुंद असते. त्याची रुंदी साधारणपणे आठनऊ सेंटिमीटरांहून अधिक नसते. मात्र ते लांबलचक असते आणि दांड्यात इतक्या सहजपणे मिसळून गेलेले असते, की दांडा कोठे संपला आणि पाते कोठे सुरू झाले ते चटकन कळत नाही. त्याचे माप काढण्याची रीतही शरीरावरूनच ठरलेली आहे. दोन्ही हात फैलावून होणारे अंतर, म्हणजे एक वाव, आणि त्यात कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचा एक हात मिळवला की वल्ह्याची लांबी ठरते. पात्याची रुंदी ज्याच्या त्याच्या मुठीत धरता येईल इतकीच ठेवतात. ही रुंदी मुठीत मावणे आवश्यक होते. कारण नौका उलटली असता वल्ह्यावरची पकड सरकवून थेट पाते धरावे लागे आणि त्याच्या आधाराने नौका पुन्हा सरळ करावी लागे. बर्फगार पाण्यात ही क्रिया साधली नाही तर मृत्यू ठरलेला असे.

अल्यूशियन बेटांवरील वल्हे आणखी वेगळे. त्याच्या पात्याच्या एका बाजूला मधोमध उंचवटा म्हणजे कणा असतो आणि टोक निमुळते असते. दोन्ही प्रदेश थंड, दोन्हीकडे उपजीविका समुद्रावर अवलंबून. तरीही पात्याचे आकार भिन्न. आकार हा अलंकार नसून गरजेचे उत्तर असतो, हे यावरून दिसून येते.

युरोपात या नौकेचा छंद म्हणून प्रसार होण्यास १८६५ नंतर चालना मिळाली. त्या वर्षी जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने 'रॉब रॉय' नावाच्या छोट्या नौकेतून, दोन पात्यांचे वल्हे मारीत, युरोपातील नद्या व सरोवरे यांचा प्रवास केला आणि पुढील वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कयाक आणि कनू यांच्या शर्यतींना अधिकृत स्थान मिळाले. शिकारीचे साधन शर्यतीचे साधन झाले, तेव्हा पात्यापुढील प्रश्नही बदलले.

पाते पाण्यात काय करते ?

पाते पाण्यात रोवून मागे ओढले म्हणजे पाणी त्याला विरोध करते आणि त्या विरोधाच्या आधाराने नौका पुढे जाते. पाणी हे जमिनीसारखे घट्ट नसल्यामुळे पाते थोडेफार मागे घसरतेच. ही घसरण जितकी कमी, तितकी माणसाची शक्ती नौकेच्या उपयोगी अधिक पडते. जी शक्ती नुसते पाणी ढवळण्यात जाते ती वाया गेली असे समजावे.

पात्यावर येणारा विरोध मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतो. पहिली गोष्ट पात्याचे क्षेत्रफळ. क्षेत्रफळ सव्वापट केले की, बाकी सर्व तेच असता, विरोधही सव्वापट होतो. दुसरी गोष्ट पाण्याच्या सापेक्ष पात्याचा वेग. हा वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. यावरून एखाद्यास असे वाटेल, की पाते जितके मोठे तितके चांगले. घसरण कमी होईल आणि नौका वेगाने पळेल !

येथेच मोठी फसगत होते. माणसाचे स्नायू हे यंत्र नव्हे. ते एका विशिष्ट गतीने हालले तर दीर्घकाळ काम देतात. फार जड ओढ लावली तर थोड्याच वेळात थकतात. शेतकऱ्याला हे तत्त्व निराळे शिकविण्याची गरज नाही. नांगर निवडताना तो आधी बैलांकडे पाहतो आणि मग फाळाकडे. मोठ्या फाळाने तास खोल जाते हे खरे. परंतु खोंडांच्या मानेवर तो फाळ दिला तर दोन तासांतच बैल बसतात आणि शेत तसेच राहते. कयाकच्या पात्याचेही असेच आहे. प्रवासी कयाकच्या पात्याचे क्षेत्रफळ साधारणपणे ५५० ते ७५० चौरस सेंटिमीटर या दरम्यान असते. ६०० आणि ७५० यांतील फरक डोळ्यांना फारसा दिसत नाही. खांद्याला मात्र तो दर फटक्याला पंचवीस टक्के अधिक ओढ या रूपाने जाणवतो, आणि तासाभराच्या फेरीत असे फटके तीन हजारांच्या घरात जातात.

सपाट, कणेदार आणि खोलगट

क्षेत्रफळानंतर आकाराचा विचार येतो. सर्वांत साधे पाते म्हणजे फळीसारखे सपाट आणि दोन्ही कडांना सारखे असलेले पाते. ते बनविण्यास सोपे, स्वस्त आणि दोन्ही बाजूंनी वापरता येणारे असते. परंतु त्याचे दोन दोष आहेत.

पहिला दोष असा. वल्हे पाण्यात बहुधा तिरके शिरते. त्यामुळे पात्याची खालची कड आधी आणि अधिक बुडते. वरची कड मागाहून बुडते. दांड्याच्या रेषेच्या एका बाजूला पाण्याचा दाब अधिक व दुसऱ्या बाजूला कमी असा प्रकार होऊन वल्हे मुठीत पिळवटू लागते. वल्हवणारा ते आवळून धरतो आणि मनगट भरून येते. यावरचा उपाय म्हणजे असमान कडांचे पाते. याची वरची कड लांब आणि खालची कड आखूड कापलेली असते. त्यामुळे तिरक्या स्थितीतही दांड्याच्या दोन्ही बाजूंना बुडालेला भाग जवळजवळ सारखा राहतो व पीळ पडत नाही. आजची बहुतेक प्रवासी वल्ही याच प्रकारची असतात. अशा वल्ह्याला वर-खाली अशी दिशा असते. ते उलटे धरले तर उपायाचाच अपाय होतो. म्हणून शिकवताना प्रथम हीच गोष्ट दाखवून द्यावी लागते.

दुसरा दोष थरथरीचा. सपाट पाते जोराने ओढले असता पाणी कधी एका कडेवरून तर कधी दुसऱ्या कडेवरून निसटते आणि पाते डावीउजवीकडे फडफडते. पात्याच्या ओढीच्या बाजूला मधोमध हलकासा कणा ठेवला, म्हणजे पाणी त्यावर दुभंगून दोन्ही कडांकडे सारखे वाहते आणि थरथर शमते. थोडे पाणी निसटून जाते, हे खरे. पण त्या मोबदल्यात स्थिरता लाभते. नवशिक्यांसाठी आणि दूरच्या प्रवासासाठी कणेदार पाते सोयीचे मानले जाते, ते यामुळेच.

याच्या उलट गुणाचे पाते म्हणजे पळीसारखे खोलगट पाते. खोलगट बाजू पाण्याला अधिक घट्ट पकडते. पोकळ अर्धगोलाची खोलगट बाजू प्रवाहासमोर धरली तर होणारा विरोध हा फुगीर बाजू समोर धरल्यावर होणाऱ्या विरोधाच्या तिपटीहून अधिक असतो, असे प्रयोगांनी सिद्ध झाले आहे. वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे पेले याच तत्त्वावर फिरत राहतात. खोलगट पाते पाण्यात शिरताक्षणी जोर घेते. वेग हवा असणाऱ्यांना ते आवडते. मात्र ते किंचित वाकडे धरले गेले तर तितक्याच जोराने हातातून निसटू पाहते. सारांश, कणेदार पाते चुका पोटात घालते आणि खोलगट पाते कौशल्याला फळ देते.

शिक्षकांना हा फरक वर्गात दाखवणे अवघड नाही. पाण्याने भरलेल्या टपात स्वयंपाकघरातील सपाट उलथणे उभे धरून ओढावे. ते कसे डगमगते ते मुलांच्या बोटांना जाणवेल. मग मोठी पळी घेऊन खोलगट बाजूने ओढावी आणि नंतर तीच पळी फुगीर बाजूने ओढावी. एकाच पळीच्या दोन बाजूंना पाणी किती वेगळी वागणूक देते, हे पाठ्यपुस्तकातील आकृतीपेक्षा या एका प्रयोगाने अधिक चांगले समजेल.

रुंद की अरुंद ?

वल्हवण्याच्या मुख्यतः दोन पद्धती आहेत. पहिलीत वल्हे जवळजवळ उभे धरतात; वरचा हात खांद्याच्या किंवा डोळ्यांच्या उंचीपर्यंत येतो आणि पाते नौकेच्या अगदी लगत पाण्यात शिरते. या पद्धतीला आखूड व रुंद पाते योग्य होय. सगळे पाते लवकर बुडते, जोर झटकन मिळतो आणि नौका सरळ राहते. दुसरीत वल्हे आडवे, छातीच्या खाली धरतात आणि पाते नौकेपासून थोडे दूर चालते. तिला लांबट व अरुंद पाते मानवते. जोर हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो. सांध्याला हिसका बसत नाही. जे तासन् तास वल्हवणार त्यांच्यासाठी ही पद्धत हितकर ठरते. ग्रीनलंडचे शिकारी काही केवळ लाकडाच्या टंचाईमुळे अरुंद पाते वापरीत नव्हते. दिवसभर समुद्रावर राहून शेवटी परत येण्याइतकी शक्ती उरली पाहिजे, हा विचार त्यामागे होता. शिवाय अरुंद पात्याला वारा कमी लागतो आणि ते पाण्यात आवाज न करता शिरते.

आवाजाचा मुद्दा क्षुल्लक नाही. पाते पाण्यावर आपटले की त्याच्या पाठीमागे हवा ओढली जाते. पाते मग निव्वळ पाण्यात न राहता पाणी व बुडबुडे यांच्या मिश्रणात फिरते आणि पकड ढिली पडते. चांगला वल्हवणारा जवळून गेला तरी फारसा आवाज येत नाही, याचे कारण हेच. जेथे खळखळ अधिक तेथे वेग कमी, असा साधारण नियम सांगता येईल.

पंखाकार पाते

शर्यतीच्या वल्ह्यात मोठे स्थित्यंतर १९८० नंतरच्या दशकात झाले. स्वीडनमध्ये पंखाकार पाते पुढे आले आणि थोड्याच वर्षांत आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्याने जुन्या पात्यांना मागे सारले. या पात्याची एक कड आत वळवलेली असते आणि त्याचा छेद विमानाच्या किंवा पक्ष्याच्या पंखासारखा असतो.

जुने पाते सरळ मागे ओढले जात असे आणि पाण्याच्या निव्वळ विरोधावर काम करीत असे. पंखाकार पाते पायांच्या बाजूला पाण्यात शिरते आणि ओढ चालू असताना नौकेपासून बाहेरच्या दिशेने तिरके सरकत जाते. हवेतून सरकणाऱ्या पंखावर जशी उचल निर्माण होते, तशीच उचल या पात्यावरही निर्माण होते. फक्त तिची दिशा वर नसून पुढे असते. पाते सतत नव्या, न ढवळलेल्या पाण्यात सरकत असल्यामुळे त्याची मागे होणारी घसरण घटते आणि तेवढ्याच श्रमात नौका अधिक पुढे जाते.

हे वर्णन ऐकून प्रत्येक केंद्राने पंखाकार पातीच घ्यावीत, असे कोणाच्या मनात येईल. परंतु ते योग्य होणार नाही. हे पाते ठराविक मार्गाने चालले तरच गुण देते. नौका थांबवणे, मागे घेणे, वळवणे किंवा कलंडू लागली असता पाण्यावर पाते टेकून सावरणे, या साऱ्या क्रिया त्याने अवघड होतात. ते सरळ मार्गावरील शर्यतीसाठी घडलेले शस्त्र आहे. घरगुती विळी नव्हे. नवशिक्याच्या हाती ते पहिल्याच दिवशी दिले तर लाभ कमी आणि भिजणेच अधिक.

खडकाळ, खळाळत्या नदीतील पाते पुन्हा वेगळे. तेथे एकेक फटका नौकेला भोवऱ्यातून काढण्यासाठी किंवा खडकापासून वळवण्यासाठी असतो. म्हणून पाते आखूड, रुंद आणि दणकट असते आणि वल्ह्याची एकूण लांबीही प्रवासी वल्ह्यापेक्षा कमी, दोन मीटरांच्या आसपास असते. खडकांचा मार सोसावा यासाठी काही पात्यांच्या टोकाला धातूची पट्टी बसवितात.

वजन आणि पीळ

पात्याच्या आकाराइतकेच त्याचे वजन महत्त्वाचे आहे. वजन दांड्याच्या मध्यभागी असेल तर फारसे जाणवत नाही. तेच टोकाला असेल तर प्रत्येक वेळी उचलून फिरवावे लागते. पाते २०० ग्रॅमने जड असेल, तर तीन हजार फटक्यांत ते २०० ग्रॅम तीन हजार वेळा उचलले जातात. म्हणजे एकंदर सहाशे किलोग्रॅमचा भार हातांनी फुकट वाहिला. ॲल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकचे पाते ही जोडी स्वस्त व टिकाऊ असते, पण जड असते, आणि मऊ प्लॅस्टिकचे पाते ओढीखाली वाकते. काचतंतूंचे पाते अधिक हलके व ताठ, तर कार्बनतंतूंचे त्याहूनही हलके व महाग. चांगल्या लाकडाचे वल्हे आजही हाताला सुखद वाटते, परंतु त्याची निगा राखावी लागते.

दोन पाती एकाच पातळीत असावीत की एकमेकांशी कोन करून असावीत, हाही एक प्रश्न आहे. कोन ठेवला तर समोरून येणाऱ्या वाऱ्यात वरचे पाते कडेवर जाते आणि वाऱ्याला कमी अडते. पूर्वी हा कोन काटकोनाच्या जवळ ठेवण्याची प्रथा होती. पण कोन जितका मोठा, तितके मनगट दर फटक्याला अधिक वळवावे लागते आणि त्यातून मनगट दुखावण्याचा संभव वाढतो. म्हणून पुढे ३० ते ६० अंशांचा कोन अधिक प्रचारात आला. कित्येक जण कोन मुळीच ठेवीत नाहीत. जोडणीच्या दांड्याच्या वल्ह्यात हा कोन बदलता येतो.

निवड कशी करावी ?

आता मूळ मुद्द्याकडे वळणे उचित होईल. महाराष्ट्रात धरणांचे जलाशय आहेत, तलाव आहेत, कोकणच्या खाड्या आहेत. कयाक आता तेथेही दिसू लागली आहे. जेथे सार्वजनिक पैशातून साहित्य घेतले जाते, तेथे एकाच मापाची वल्ही घेण्याकडे कल असतो, कारण त्यात हिशेब सोपा होतो. एकच माप घ्यायचे ठरले की ते धडधाकट प्रौढ पुरुषाचे घेतले जाते. त्याचे परिणाम बारा वर्षांच्या मुलीला भोगावे लागतात. तिच्या हातात मोठे पाते येते. अर्ध्या तासात खांदा भरून येतो. आपल्याला हे जमत नाही, असा तिचा ग्रह होतो आणि दुसऱ्या आठवड्यापासून ती येत नाही. दोष तिचा नसतो, पात्याचा असतो. नोंदवहीत मात्र 'अनुपस्थित' एवढेच लिहिले जाते.

याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. दुपारनंतर जलाशयावर वारा सुटतो. जाताना वारा पाठीशी असल्यामुळे नौका सहज दूर जाते. परतताना तोच वारा समोरून येतो. मोठ्या, जड पात्याने दमलेल्या मुलाला अशा वेळी काठ गाठणे कठीण होते. तरंगते जाकीट बुडण्यापासून वाचवते, परंतु काठापर्यंत आणते ते वल्हेच. परतीसाठी शक्ती राखून ठेवणारे पाते हे सुरक्षिततेचे साधन होय, हा धडा ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांनी कधीच घालून दिला आहे.

म्हणून खरेदी करताना काही साधे नियम पाळणे हितावह ठरेल. पहिला, पात्याची निदान तीन मापे असावीत : मुलांसाठी लहान, बहुतेकांसाठी मध्यम आणि थोडी मोठी. संशय असेल तेथे लहान पाते घ्यावे. लहान पात्याने फटके थोडे जलद मारून वेग राखता येतो, मोठ्या पात्याने दुखावलेला खांदा मात्र महिनोन् महिने बरा होत नाही. दुसरा, मुलांच्या वल्ह्याचा दांडा बारीक असावा. मूठ पुरती न मिटल्यास पकड आवळावी लागते आणि कोपर दुखू लागते. तिसरा, शिकाऊंसाठी असमान कडांचे, हलका कणा असलेले पाते निवडावे. खोलगट व पंखाकार पाती पुढील पायरीसाठी ठेवावीत. चौथा, लांबी माणसाच्या उंचीइतकीच नौकेच्या रुंदीवरही अवलंबून असते. प्रवासी कयाकची वल्ही साधारणतः २१० ते २४० सेंटिमीटर लांब असतात आणि रुंद नौकेला लांब वल्हे लागते. लांबी कमीजास्त करता येणारी काही वल्ही संग्रही असल्यास अनेकांची सोय होते. पाचवा आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की एक नमुना आधी पाण्यात चालवून पाहावा, आणि तो चालवणाऱ्यांत केंद्रावर येणारे सर्वांत लहान मूलही असावे. कागदावरील वर्णनापेक्षा त्या मुलाच्या तोंडचे दोन शब्द अधिक विश्वसनीय असतात.

दिव्यांग खेळाडूंच्या बाबतीत तर हा विचार अधिकच आवश्यक ठरतो. कयाकमध्ये पायांच्या रेट्याला आणि कमरेच्या वळणाला मोठे स्थान आहे. ज्यांना त्यांचा पुरेसा आधार मिळत नाही, त्यांच्या खांद्यांवर अधिक भार येतो. त्यांच्यासाठी पात्याचे माप इतरांवरून ठरवून चालणार नाही. प्राची यादव यांच्या सुवर्णपदकाने या देशातील कितीतरी दिव्यांग मुलामुलींच्या मनात आशा जागविली असेल. ती मुले उद्या काठावर येतील तेव्हा त्यांच्या हाती कोणते वल्हे दिले जाईल, हा प्रश्न केवळ क्रीडासाहित्याचा राहत नाही.

पात्याचा एकच सर्वोत्तम आकार असता, तर हिमप्रदेशातील शिकाऱ्याचे, नदीतील साहसी तरुणाचे आणि ऑलिंपिकमधील खेळाडूचे वल्हे एकसारखे झाले असते. ते तसे झालेले नाही. अरुंद पाते दूरवर नेते, रुंद पाते तात्काळ जोर देते, कणेदार पाते स्थिर राहते, खोलगट पाते घट्ट धरते आणि पंखाकार पाते वेग देते. प्रत्येकाने काही मिळवले आहे आणि त्यासाठी काही सोडले आहे. पाणी कोणते, प्रवास किती लांबचा आणि वल्हवणारा कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी मिळाली तर चौथ्या प्रश्नाचे, म्हणजे पाते कोणते, याचे उत्तर आपोआप मिळते. आर्क्टिकच्या शिकाऱ्याने स्वतःच्या वावेने आणि हाताने वल्हे मोजून घेतले. सार्वजनिक साहित्य घेतानाही माप कोणाचे, हे आधी ठरावे आणि नगांची संख्या मागाहून लिहावी.